सगळ्या गटाला साजेसे पात्र कसे घडवावे : डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांसाठी

माझे पहिले पात्र मी घरूनच पूर्ण तयार करून नेले होते. तीन पानांची पूर्वकथा, लहानपणी झालेली कुटुंबाची हत्या, आणि कोणावरही विश्वास न ठेवता रात्री एकटाच भटकणारा एक चोरटा. पहिल्याच सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीत, एका सराईमध्ये एका व्यापाऱ्याने सगळ्यांना काम देऊ केले. इतर तिघांच्या पात्रांनी ते स्वीकारले, पण माझे पात्र कोपऱ्यातल्या टेबलावरून उठेना, कारण त्याने उठावे असे काहीच मी त्याच्या कथेत ठेवले नव्हते. पुढची चाळीस मिनिटे डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आणि उरलेले तीन खेळाडू माझ्या पात्राची मनधरणी करत होते. मी पात्राशी प्रामाणिक राहत होतो, हे खरे. पण त्या संध्याकाळी चार माणसांनी राखून ठेवलेल्या वेळातली ती चाळीस मिनिटे मी एकट्याने वापरली, हेही तितकेच खरे.

त्यानंतर बरीच पात्रे घडवली, नव्या खेळाडूंना घडवायला मदत केली, आणि एक गोष्ट पक्की झाली. पात्राच्या कागदावर जे लिहिलेले असते त्यातला मोलाचा भाग म्हणजे इतरांच्या पात्रांना त्यातून करण्यासारखे, बोलण्यासारखे आणि काळजी करण्यासारखे काय मिळते, हा होय. पुढे सांगितलेली रीत याच एका कसोटीवर बेतलेली आहे.

उदाहरणे डंजन्स अँड ड्रॅगन्सची घेतली आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होऊन जग आणि त्यातली बाकीची माणसे चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकला जातो. या लेखातले आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत काही तपशील बदलले आहेत, तेव्हा तुमचा गट कोणते नियम वापरतो ते आधी विचारून घ्यावे. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुले केले आहेत. त्यामुळे महागडे पुस्तक विकत घेण्याआधीही पात्र घडवता येते. आणखी एक खुलासा : चोरवाटा, कुलपे आणि दबक्या पावलांचा जो क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, इंग्रजीत ‘रोग’ म्हणून ओळखला जातो, त्याचे नाव मराठीत वाचताना भलताच अर्थ लागतो, म्हणून या लेखात त्याला ‘चोरटा’ म्हटले आहे.

कागद हातात घेण्याआधी

सर्वप्रथम डीएमशी बोलावे. कथा कुठे घडणार आहे, किती सेशन चालेल, पात्रे कोणत्या लेव्हलपासून, म्हणजे अनुभवाच्या कोणत्या पायरीपासून, सुरू होतील आणि एकंदर सूर कसा असेल, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय क्लास निवडू नये. सगळी कथा एका मोठ्या शहरातल्या दरबारी कारस्थानांची असेल, तर रानात माग काढणाऱ्या रेंजरचा खेळाडू पाच-पाच सेशन नुसता बसून राहील. हा दोष त्या क्लासचा नसून न विचारलेल्या प्रश्नाचा असतो. कथा तीनच सेशनची असेल, तर सातव्या सेशनला उलगडणारे रहस्य पात्रात पेरून उपयोग नाही. सुराचा प्रश्न तर अनेक जण विचारतच नाहीत. गट जर गंभीर, भयाच्या अंगाने जाणारी कथा खेळणार असेल आणि तुम्ही विनोदी नावाचा, पदोपदी गाणी म्हणणारा बार्ड घेऊन आलात, तर तुमचा प्रत्येक विनोद दुसऱ्या कोणाच्या तरी प्रसंगाचा रंग उडवतो.

यानंतर सगळ्यांनी मिळून बसण्याची एक बैठक व्हावी. खेळणारे तिला ‘सेशन झीरो’ म्हणतात. त्या दिवशी कथा खेळली जात नाही, पात्रे घडवली जातात. या बैठकीला प्रत्येकाने दोन कच्च्या कल्पना घेऊन यावे, आणि प्रत्येक कल्पना एका वाक्यात सांगता येईल इतकीच असावी. एकच कल्पना आणणारा माणूस तिच्या बचावाला उभा राहतो. दोन आणणारा त्यातली एक आनंदाने सोडून देतो. दोन जणांना विझार्डच, म्हणजे जादूगारच, खेळायचा आहे असे निघाले, तर दुसऱ्या कल्पनेमुळे वाद न होता मार्ग निघतो. आणि दोघेही हटायला तयार नसतील, तर दोन विझार्ड एकाच गुरूचे शिष्य करावेत, एकाने विध्वंसाची विद्या शिकलेली असावी आणि दुसऱ्याने भ्रमाची. एकाच क्लासची दोन पात्रे पार्टीत, म्हणजे पात्रांच्या चमूत, असण्यात काहीही वावगे नाही, मात्र दोघांची ओळख वेगवेगळी हवी.

याच बैठकीत कथेत काय नको तेही ठरवून घ्यावे. कोणाला लहान मुलांवरची हिंसा नको असते, कोणाला कोळी नकोसे वाटतात, कोणाच्या घरात नुकताच मृत्यू झालेला असतो. काही गोष्टी कथेत मुळीच येणार नाहीत, आणि काही येतील पण पडद्याआड घडतील, अशा दोन याद्या कराव्यात. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी तयार केलेले ‘एक्स-कार्ड’ही टेबलावर ठेवता येते. फुली काढलेल्या त्या कार्डाला कोणीही हात लावला, की चालू प्रसंग कारण न विचारता बाजूला ठेवायचा. पात्र घडवण्याशी याचा थेट संबंध आहे. तुमच्या पात्राची सगळी पूर्वकथा जर दुसऱ्या खेळाडूच्या ‘नको’च्या यादीतल्या घटनेवर उभी असेल, तर ते पात्र या गटासाठी नाही. ते जपून ठेवा, दुसऱ्या गटात कामी येईल.

एकत्र असण्याचे कारण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असे माझे ठाम मत आहे, आणि बहुतेक गट सगळ्यात कमी वेळ इथेच देतात. ‘तुम्ही सगळे एका सराईत भेटता’ ही सुरुवात इतकी रुळलेली आहे, की चार अनोळखी, शस्त्रधारी माणसे एकमेकांवर जीव सोपवून गुहेत का उतरतील, हा प्रश्न कोणाला पडतच नाही. मग तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या सेशनमध्ये आडवा येतो, जेव्हा एखादे पात्र म्हणते, “मी तर पैशासाठी आलो होतो, पैसे मिळाले, मी जातो.”

म्हणून प्रत्येक पात्रासाठी तीन वाक्ये लिहावीत. पहिले, हे पात्र घर सोडून का निघाले. दुसरे, याच लोकांबरोबर का निघाले. तिसरे, प्रसंग कठीण झाल्यावरही ते का थांबेल. पहिले वाक्य जवळजवळ प्रत्येकाला सुचते, कारण पूर्वकथा लिहिताना आपण तेच लिहीत असतो. दुसरे आणि तिसरे वाक्य मात्र एकट्याने घरी बसून लिहिताच येत नाही, कारण त्यात इतरांची नावे यावी लागतात. ती वाक्ये लिहिण्यासाठीच तर सगळे एकत्र बसलेले असतात.

सोपा उपाय म्हणजे आधी पार्टी ठरवावी आणि मग पात्रे. ब्लेड्स इन द डार्क या खेळात टोळीच स्वतंत्र पात्रासारखी घडवतात, तिचा धंदा, तिचा अड्डा, तिची पत, तिचे शत्रू, सगळे लिहून काढतात. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तसा नियम नाही, पण तशी रीत पाळायला कोणी अडवलेले नाही. चौघे एकाच बुडालेल्या जहाजावरचे आहेत, चौघांवर एकाच सावकाराचे कर्ज आहे, चौघांना एकाच म्हातारीने वाढवले आणि आता ती बेपत्ता आहे : असे एक सामाईक सूत्र पकडले, की चारही पात्रे कितीही भिन्न स्वभावाची असली तरी एकमेकांना बांधलेली राहतात.

‘एकलकोंडे’ पात्र घेऊच नये का? घ्यावे, पण त्याला एक अपवाद द्यावा आणि तो अपवाद टेबलावरच बसलेला असावा. कोणावरही विश्वास न ठेवणारा माणूस कंटाळवाणा असतो. कोणावरही विश्वास न ठेवणारा, पण देवाच्या कृपेने जखमा भरणाऱ्या त्या एका भोळ्या क्लेरिकला एकटे सोडताना ज्याचा पाय निघत नाही असा माणूस सगळ्यांना हवासा वाटतो. माझ्या पहिल्या पात्राला एवढे एक वाक्य मिळाले असते, तर तो सराईतून उठला असता.

कोण काय करणार

व्हिडिओ गेममधून आलेल्या खेळाडूंना वाटते, की एकाने मार झेलायचा, एकाने मारायचे आणि एकाने जखमा भरायच्या, आणि त्यातली एक जागा रिकामी राहिली तर पार्टी मरणार. या खेळात परिस्थिती इतकी ताठर नाही. कोणताही क्लास आवश्यक नाही. काही कामे मात्र कोणाला तरी करावी लागतात. म्हणून मोजणी करताना “क्लेरिक कोण?” असे न विचारता, “पडलेल्याला उठवणार कोण, बंद दार उघडणार कोण, अनोळखी माणसाशी बोलणार कोण, पुढे जाऊन पाहणार कोण, जादू ओळखणार कोण?” असे विचारावे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. चार खेळाडू आहेत. एकीला पॅलडिन, म्हणजे शपथबद्ध चिलखती योद्धा, खेळायचा आहे, दुसऱ्याला विझार्ड, तिसरीला एल्फ वंशाची रेंजर. चौथ्याला, म्हणजे समजा तुम्हाला, चोरटी खेळायची आहे. सगळे तुमच्याकडे पाहतात, कारण क्लेरिक कोणीच घेतलेला नाही. अशा वेळी अनेक जण मन मारून क्लेरिक घेतात आणि पुढचे सहा महिने न आवडणारे पात्र खेळतात. ते गटाच्याही हिताचे नसते, कारण कंटाळलेला खेळाडू साऱ्या टेबलाचा उत्साह खाली आणतो. क्लेरिक कोणावरही लादू नये.

त्याऐवजी नियम नीट पाहावेत. शून्य हिट पॉइंटवर (म्हणजे जीवशक्तीचा आकडा संपून) आलेले पात्र लगेच मरत नाही. ते बेशुद्ध पडते आणि आपल्या प्रत्येक पाळीला वीस पैलूंचा फासा टाकते. १० किंवा अधिक आले तर यश, कमी आले तर अपयश, तीन यशांवर जीव स्थिरावतो आणि तीन अपयशांवर मृत्यू येतो. म्हणजे तातडीची गरज असते ती पडलेल्यापाशी कोणीतरी वेळेत पोहोचण्याची, मोठ्या उपचाराची नव्हे. पॅलडिनकडे पहिल्या लेव्हललाच स्पर्शाने भरून काढता येणारे ५ पॉइंट असतात, आणि ते एकेक करून वापरले तर पाच वेळा कोणालातरी पायांवर उभे करता येते. दुसऱ्या लेव्हलला रेंजरला मंत्र मिळतात आणि त्यांत जखम भरण्याचा मंत्र घेता येतो. राहता राहिली ती पहिल्या लेव्हलची धाकधूक. त्यासाठी ५ सुवर्णमुद्रांना मिळणारी ‘हीलर्स किट’ नावाची पेटी पुरते. ती दहा वेळा वापरता येते, आणि फासा न टाकता पडलेल्याला स्थिर करते. ती कोणत्याही क्लासचे पात्र बाळगू शकते, अगदी चोरटीसुद्धा.

इथेच पात्राला आकार येऊ लागतो. कुलपे उघडण्याची हत्यारे आणि उपचारांची पेटी अशा दोन्ही गोष्टी बाळगणारी ही कोण आहे? समजा, ती हाफलिंग या ठेंगण्या वंशाची आहे, नाव टिली. गावोगाव फिरणाऱ्या एका वैद्याची ती मदतनीस होती. गरिबांना औषध परवडत नसे, म्हणून रात्री श्रीमंतांच्या कपाटांतली औषधे ती काढून आणत असे, आणि वैद्याने ती कुठून आली हे कधी विचारले नाही. ही कथा गटाला हव्या असलेल्या कामातून निघाली आहे, तरीही ती कोणी लादलेली वाटत नाही. नियमांत पार्श्वभूमी स्वतः बेतण्याची मुभा आहे, त्यामुळे टिलीला वैद्यकाचे कौशल्य आणि जडीबुटीची साधने बिनदिक्कत देता येतात.

आकडे मांडताना

सहा क्षमतांसाठी १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरीव आकडे घेतले, तर टिलीची चपळाई १५, आणि हाफलिंग असल्याने त्यात २ मिळवून १७. शहाणपण १४, काटकपणा १३, बुद्धी १२, शक्ती ८. व्यक्तिमत्त्वाचा आकडा मुद्दाम १० ठेवावा, मग वंशामुळे तो ११ होतो. एकट्याने पात्र घडवणारा चोरट्याला हमखास गोडबोल्या करतो, पण इथे बोलण्यासाठी पॅलडिन आहे, आणि तिने त्याच क्षमतेवर आपले सगळे पात्र उभे केले आहे. दोघे गोडबोले झाले, तर प्रत्येक दरबारात कोण बोलणार यावरून ओढाताण होते आणि उरलेले दोघे ऐकत बसतात.

मात्र कौशल्यांची पुनरावृत्ती सरसकट वाईट मानू नये. जादूविद्या, इतिहास, मन वळवणे अशा कौशल्यांत एका जाणत्याचे भागते. दबक्या पावलांनी चालणे आणि टेहळणी करणे यांत तसे नाही. पहारेकऱ्यांसमोरून सगळी पार्टी सरकत असेल तेव्हा सगळ्यांनी फासा टाकायचा असतो, आणि निम्मे किंवा अधिक यशस्वी झाले तरच सगळी पार्टी निसटते. चार जणांत पॅलडिन लोखंडी चिलखतात खणखणत येणार हे गृहीत धरले, तर रेंजर आणि टिली या दोघींनाही ते कौशल्य असणे ही चैन उरत नाही.

याहून खोलवर जाणारी गोष्ट म्हणजे तुमच्या पात्राची ताकद दुसऱ्याच्या उपस्थितीवर कुठे अवलंबून आहे, हे शोधणे. चोरट्याचा वर्मी घाव मुख्यतः केव्हा लागतो, तर शत्रूच्या पाच फुटांच्या आत त्याचा दुसरा कोणी वैरी उभा असेल तेव्हा. म्हणजे पॅलडिन पुढे उभी राहिली की टिलीचा वार दुणावतो. टिली ज्या जातीची हाफलिंग आहे, त्या लाइटफूट हाफलिंगांना आपल्यापेक्षा मोठ्या देहाच्या आडही लपता येते. तेव्हा ती चक्क पॅलडिनच्या पाठीमागे दडू शकते. हाफलिंगांना अंधारात दिसत नाही, पण एल्फ रेंजरला साठ फुटांपर्यंत दिसते, म्हणून अंधाऱ्या भुयारात पुढे जायचे तर या दोघींनी जोडीने जायचे, एकीने पाहायचे आणि दुसरीने उघडायचे. या गोष्टी पहिल्या सेशनच्या आधीच एकमेकींना सांगून ठेवाव्यात. कागदावरच्या कोरड्या नियमांतून दोन पात्रांची जवळीक अशी तयार होते, आणि तिला नंतर संवाद आपोआप सुचतात.

उलट बाजूही पाहावी. पाचव्या लेव्हलला विझार्डला मिळणारा अग्निगोळा वीस फूट त्रिज्येत सगळ्यांना भाजतो, मित्र-शत्रू पाहत नाही. तुम्ही शत्रूंच्या घोळक्यात शिरून लढणारे पात्र घेत असाल, तर विझार्डच्या खेळाडूशी आधी बोलून घ्या. फायटर, मंक आणि वॉरलॉक या क्लासची बरीचशी शक्ती एका तासाच्या विश्रांतीत परत येते, तर विझार्ड आणि क्लेरिक यांना मुख्यतः आठ तासांची विश्रांती लागते. दोन्ही प्रकारची पात्रे असतील तर कधी थांबायचे याचा वाद ठरलेलाच.

आणि टेबलावरचा वेळ. निसर्गाची जादू करणाऱ्या ड्रुइडला एका मंत्राने आठ लांडगे बोलावता येतात. ऐकायला ते रम्य वाटते, पण आठ लांडग्यांची हालचाल, आठ वार, आठ वेळा फासा, हे सगळे उरकेपर्यंत इतर तिघांची पाळी येतच नाही. पात्र ताकदवान आहे की नाही याबरोबर त्याची एक पाळी किती वेळ खाते, हेही निवडताना मोजावे. गुंतागुंतीचा क्लास घ्यायचा असेल, तर आपले नियम पाठ करून येण्याची जबाबदारीही घ्यावी.

पूर्वकथा आणि धागेदोरे

पहिल्या लेव्हलच्या टिलीचे हिट पॉइंट ९ आहेत. एखाद्या गॉब्लिनचे दोन वार तिला आडवी करतील. तेव्हा तिने आधीच ड्रॅगन मारलेला असू शकत नाही, आणि तिची पूर्वकथा अर्ध्या पानाहून मोठी असण्याचे कारण नाही. मोठे पराक्रम पुढे, सगळ्यांबरोबर घडू द्यावेत. पूर्वकथेत उत्तरांपेक्षा सुटलेली टोके असावीत, म्हणजे डीएमला आणि सोबत्यांना ती पकडता येतात.

२०१२ च्या डंजन वर्ल्ड या खेळात याची एक उत्तम सोय आहे. प्रत्येक क्लासबरोबर काही अपुरी वाक्ये येतात, ‘अमुक व्यक्तीचे रक्षण करण्याची मी शपथ घेतली आहे’ अशा धर्तीची, आणि रिकाम्या जागी शेजारी बसलेल्या खेळाडूच्या पात्राचे नाव भरायचे असते. ही पद्धत कोणत्याही खेळात उसनी घ्यावी. प्रत्येकाने निदान दोन पात्रांशी आपला धागा जोडावा, आणि समोरच्या खेळाडूची संमती घेऊनच जोडावा. दुसऱ्याच्या पात्राचा भूतकाळ त्याला न विचारता लिहिणे हे त्याच्या घरात न विचारता सामान हलवण्यासारखे आहे.

टिलीचे दोन धागे असे असू शकतील. पॅलडिनच्या धाकट्या भावाला वैद्याने ज्या औषधाने वाचवले ते टिलीने चोरलेले होते, आणि चोरीचा तिटकारा असलेल्या पॅलडिनला हे ठाऊक नाही. विझार्डला मात्र ठाऊक आहे, कारण ते औषध त्याच्याच गुरूच्या कपाटातले होते आणि त्या रात्री त्याने टिलीला पाहूनही आरडाओरडा केला नाही. का केला नाही, ते विझार्डच्या खेळाडूने ठरवावे.

इथे रहस्याचे एक तत्त्व लक्षात घ्यावे. जे रहस्य फक्त तुम्हाला माहीत आहे त्याचा टेबलावर कोणालाच आनंद मिळत नाही, आणि कित्येकदा कथा संपते तरी ते बाहेर येत नाही. रहस्य पात्रांपासून लपवावे, खेळाडूंपासून नव्हे. पॅलडिनच्या खेळाडूला सगळे ठाऊक असेल, तर तीच एखाद्या रात्री शेकोटीपाशी मुद्दाम विचारील, “टिली, माझ्या भावाला वाचवणारे ते औषध वैद्यांनी कुठून आणले होते गं?” तो प्रश्न तुम्हाला एकट्याने कधीच घडवता आला नसता.

दोष कोणाला भोवतो

चांगल्या पात्राला उणीव हवीच. पण उणीव निवडताना तिची किंमत कोण मोजणार, हे पाहावे. टिलीला रक्त पाहून काही होत नाही, पण आगीला ती घाबरते, आणि जळत्या खोलीत शिरताना तिचे पाय थिजतात. याची किंमत मुख्यतः तिची ती मोजते, आणि सोबत्यांना तिचा हात धरून तिला पलीकडे नेण्याची संधी मिळते. याउलट सोबत्यांच्याच पिशव्या कापणारी, करार मोडणारी, कैद्याशी बोलणी चालू असताना त्याचा गळा चिरणारी चोरटी घेतली, तर तिच्या स्वभावाची किंमत प्रत्येक वेळी दुसरेच मोजतात.

अशा प्रसंगी “माझे पात्र असेच वागेल” हे वाक्य हमखास ऐकू येते. ते वाक्य खरे असते, पण अपुरे असते. पात्र तसे वागते कारण तुम्ही त्याला तसे घडवले, आणि ते वेगळे वागावे असे कारणही तुम्हीच त्याला देऊ शकता. लोभी चोरट्याला सोबत्यांची थैली दिसली, तर “चोरू का?” या प्रश्नाच्या आधी “यांची थैली हा का चोरत नाही?” या प्रश्नाचे उत्तर शोधावे. ते उत्तर बहुधा त्याच्या लोभापेक्षा रंजक निघते.

तू की तुम्ही

मराठीतून खेळणाऱ्यांना एक गोष्ट ठरवावीच लागते, जी इंग्रजीतून खेळणाऱ्यांना ठरवावी लागत नाही. तुमचे पात्र कोणाला ‘तू’ म्हणते आणि कोणाला ‘तुम्ही’? टिली विझार्डला पहिल्या दिवसापासून ‘अरे’ म्हणत असेल आणि पॅलडिनला ‘तुम्ही’, ‘बाई’ म्हणत असेल, तर त्यांचे नाते एका शब्दात उभे राहते. आमच्या एका कथेत एका मैत्रिणीच्या पात्राने नवव्या सेशनपर्यंत सरदाराला ‘आपण’ म्हटले, आणि तो पुलावरून खाली लोंबकळत असताना ती पहिल्यांदा ओरडली, “हात दे, मूर्खा!” टेबलावरचे सगळे क्षणभर गप्प झाले. हे असे घडावे म्हणून कोणी कोणाला कसे हाक मारते, याची नोंद पात्राच्या कागदावर करून ठेवावी.

क्रियापदांचाही विचार करावा. मराठीत “मी दार उघडतो” आणि “मी दार उघडते” यांत लिंग पदोपदी उघड होते, त्यामुळे स्वतःहून वेगळ्या लिंगाचे पात्र घेणाऱ्याला ते वाक्यावाक्याला पेलावे लागते. ज्याला हे अवघड वाटते त्याने “टिली दार उघडते” असे तृतीय पुरुषात बोलावे. ते अजिबात कमअस्सल नाही. फक्त गटाने एकमेकांच्या पद्धतीची सवय करून घ्यावी आणि कोणाच्या क्रियापदावर हसू नये. नवखा खेळाडू एकदा ओशाळला, की पुढचे दोन तास तोंड उघडत नाही.

पहिल्या तीन सेशननंतर

कितीही विचार केला तरी पात्राचा खरा स्वभाव खेळतानाच कळतो. म्हणून डीएमकडून आधीच एक सवलत मागून ठेवावी : तिसऱ्या सेशनपर्यंत कौशल्ये, मंत्र, अगदी क्लाससुद्धा बदलता यावा, आणि त्यासाठी कथेत कारण शोधावे लागू नये. तिसरे सेशन संपल्यावर प्रत्येकाने डावीकडच्या खेळाडूला एकच प्रश्न विचारावा, “माझ्या पात्रामुळे तुझ्या पात्राला आतापर्यंत करण्यासारखे काय मिळाले?” उत्तर पटकन आले तर काही हलवू नये. उत्तर शोधावे लागले तर त्या दोघांमध्ये एक नवा धागा जोडावा. एखादे ऋण, एखादी पैज, दोघांनाही येणारे एखादे गाणे.

आणि एवढे करूनही पात्र बसत नसेल, तर त्याला सन्मानाने निरोप द्यावा. मारून टाकण्याची गरज नाही. टिलीला वाटेतल्या एखाद्या गावात साथीचा ताप आढळतो, वैद्य कोणी नसतो, आणि ती तिथेच थांबते. औषधाची पेटी पॅलडिनच्या हाती देते, आत अजून किती वेळचे सामान उरले आहे ते मोजून सांगते, आणि रेंजरला कुलूप उघडण्याची एक युक्ती शिकवते. तुमचे नवे पात्र पुढच्या सेशनला त्याच लेव्हलने सुरू करावे, आणि त्याने पार्टीला गाठावे ते टिलीचे पत्र घेऊन.